पुन्हा उघडण्याची तारीख

सकाळी सहा वाजता, तोंडात दातवण आणि अंगात बनियन अशा अवस्थेत, आपल्याच घराच्या गेटवर एखाद्या अनोळखी माणसानं "गरम आहे का?" असं विचारलं, तर सभ्य गृहस्थानं काय उत्तर द्यावं? एनुगू शहराच्या सर्व्हे खात्याच्या सेवानियमांत याविषयी काहीही मार्गदर्शन नाही. पॉलिकार्पसाहेब एनेबे यांना ते नियम निवृत्तीनंतरही तोंडपाठ होते, त्यामुळे त्यांची खात्रीच होती.

"नाही," ते म्हणाले.

"मग किती वेळ लागेल?"

"ओक्पा नाही. बंद आहे."

गेटबाहेरच्या माणसानं फोन काढला, अंगठ्यानं घासला आणि गजांतून आत धरला. "हे बघा. ऊजूच्या आईचा ओक्पा, अचारा लेआउट. 'आत्ता उघडं आहे.' मी पार अबाक्पाहून आलोय, रिक्षा बदलून."

"मी सांगतोय ना बंद आहे म्हणून! मी इथेच राहतो."

त्या माणसानं एकदा फोनकडे पाहिलं, एकदा साहेबांच्या बनियनकडे. दोघांपैकी कुणावर विश्वास ठेवायचा हे ठरवायला त्याला फार वेळ लागला नाही. "फोन कशाला खोटं बोलेल, बाबा? आत बघा ना जरा, एखादा उरला असेल."

कडधान्याच्या पिठाच्या, केळीच्या पानात उकडलेल्या या पिवळ्या न्याहारीपायी हे असं रोज चाललं होतं. आणि याचं सगळं श्रेय जावयाला, टोचूला. गेल्या नाताळात तो आणि साहेबांची मुलगी ऊजू कॅनडाहून आले होते. सासूला काय भेट द्यावी हे न सुचल्यामुळे त्यानं सासूला सर्चमध्ये घातलं. ऊजूच्या आईचा वाफाळत्या पातेल्यामागे हसतानाचा फोटो, वेळ सकाळी सहा ते नऊ, आठवड्याचे सर्व दिवस, आणि नकाशावर एक लाल टाचणी. टाचणी निदान चुकीच्या जागी पडली असेल या आशेनं साहेबांनी ती भिंग लावून तपासली. ती बरोबर त्यांच्या गेटावर होती. नोकरीत असताना हाताखालच्या एकाही माणसाला त्यांनी इतकी अचूक खूण करताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे तक्रारीला जागाच उरली नाही.

फोटोखाली लोकांनी आपापली मतंही लिहिली होती. एक मत साहेबांच्या मनात रुतून बसलं होतं. "ओक्पा मऊ, तिखट बेताचं. आजी हसून देतात. मागे खुर्चीत एक गृहस्थ पेपर घेऊन बसतात, ते हसत नाहीत."

आता खरं सांगायचं तर या घराला ओक्पा विकायची गरज नव्हती. साहेबांची पेन्शन उशिरा का होईना, यायची. पण ते निवृत्त होऊन घरी बसले आणि ऊजूच्या आईनं लगेच अंगणात चूल मांडली. "तुम्ही दिवसभर माझ्याकडे बघत बसणार, मी तुमच्याकडे. त्यापेक्षा चार माणसं येऊ देत," ती म्हणाली. माजी वरिष्ठ सर्व्हेयरच्या दारात धूर! साहेबांनी बरेच दिवस अबोला धरला. मग आपला या प्रकाराशी काहीएक संबंध नाही हे जगाला कळावं म्हणून ते रोज तिच्या मागेच खुर्ची टाकून पेपर वाचायला लागले. संबंध नसलेला माणूस रोज पहाटे उठून इतक्या जवळ का बसतो, असं त्यांना कुणी विचारलं नाही म्हणून बरं.

मग ऊजूला तिकडे कॅलगरीत मुलगा झाला, आणि पावसाळ्याच्या तोंडावर ऊजूची आई ओमुग्वोला गेली. लेक बाळंत झाली की आईनं तिच्या घरी जायचं, बाळाला न्हाऊमाखू घालायचं, लेकीला मिरीचं तिखट कढण पाजायचं, हा ओमुग्वो. ओमुग्वोला गेलेली बाई परत कधी येणार, हे विचारायचं नसतं. नवऱ्यानं तर नाहीच नाही. विचारलं तर लेकीला वाटतं, बाबांना नातवापेक्षा जेवण प्यारं. आणि गल्लीला वाटतं, म्हाताऱ्याला बायकोवाचून करमत नाही. यातली दुसरी गोष्ट खरी असल्यामुळे साहेब फारच जपून राहत होते.

पाऊस येऊन गेला. हरमॅटनचं कोरडं वारं सुटलं, खिडक्यांच्या गजांवर धूळ बसली, तरी तिचा पत्ता नव्हता. गल्लीतली गिऱ्हाइकं तर केव्हाच समजून घेऊन दुसरीकडे खायला लागली होती. पण सर्चला कुणी सांगणार? ते बापडं रोज सकाळी सहाला इमानानं तिचं दुकान उघडत होतं आणि शहराच्या दुसऱ्या टोकापर्यंत लोकांना सांगत होतं, जा, ऊजूची आई वाट बघतेय.

सर्चवर साहेबांचा राग होता असं मात्र नाही. उलट, बायको गेल्यापासून त्यांचं घर त्याच्याच जिवावर चाललं होतं. पूर्वी काहीही अडलं की "अगं" एवढंच म्हणायचं असे. आता टाइप करावं लागे. भातात मीठ जास्त पडलं तर काय करावं. पांढऱ्या शर्टावरचा पामतेलाचा डाग. रताळ्याला कोंब आला तर खावं का. सर्च सगळ्याची उत्तरं द्यायचं, आणि तेही क्षणात, न कंटाळता. पण त्यात एक मोठी उणीव होती. उत्तराआधी "एवढंही कळत नाही का हो तुम्हाला?" हे ते म्हणत नसे. साहेबांना त्या वाक्याची इतकी सवय होती, की नुसतं उत्तर त्यांना अळणी लागायचं. एकदा त्यांनी "माझा चष्मा कुठे आहे" असंही टाइप करून पाहिलं. चष्म्याच्या दुकानांची रांग लागली. ऊजूच्या आईनं तिकडे स्वयंपाकघरातून न बघता सांगितलं असतं, "कपाळावर बघा." साहेबांनी कपाळ चाचपलं.

तर गेटावरच्या गर्दीचा काहीतरी बंदोबस्त करायला हवा होता. शेजारच्या सिप्रियनकडे सल्ला तयार होता. सिप्रियन बँकेतून निवृत्त झालेला. त्याच्याकडे सगळ्या गोष्टींवर सल्ला तयारच असतो.

"अरे पॉली, साधी पाटी लाव ना गेटवर."

साहेबांनी पाटी लावली. सर्व्हे खात्याच्या वळणदार अक्षरांत, "ओक्पा नाही." दुसऱ्या दिवशी एक बाई पाटीसमोर उभी राहून मोठ्यानं वाचत होती. वाचून झाल्यावर तिनं आत हाक मारली, "मग काय काय आहे?"

"असं कर," सिप्रियन म्हणाला, "तूच करून घाल. एक-दोनदा खाल्लं की आपोआप येणं बंद करतील."

यात टोमणा होता हे साहेबांच्या उशिरा लक्षात आलं. तोवर ते पीठ घेऊन आले होते. खरं सांगायचं तर गिऱ्हाइकांसाठी नव्हेच, घरात तो वास यावा म्हणून. पहाटे जाग यायची आणि नाकाला काहीच लागायचं नाही, हे त्यांना सोसत नव्हतं. सर्चवर ओक्पाची कृती दाखवणाऱ्या बाईकडे केळीची पानं नव्हती. ती केकच्या साच्यात करत होती आणि मध्येमध्ये आपल्या कुत्र्याशी बोलत होती. साहेबांनी पाणी मोजून घातलं, तेल मोजून घातलं, मिरची मोजून घातली. ऊजूच्या आईला कधी काही मोजताना त्यांनी पाहिलं नव्हतं, पण मोजण्यात आपण तिच्यापेक्षा वरचढ आहोत अशी त्यांची समजूत होती. वास आला. डोळे मिटले तर अगदी तोच. डोळे उघडल्यावर पातेल्यात जे दिसलं त्यात सुरी शिरेना. गेटवरच्या एका तरुणानं हट्टानं एक मागून नेला, आणि संध्याकाळपर्यंत फोटोखाली नवं मत आलं. "एक तारा. आजी दिसल्या नाहीत. न हसणाऱ्या गृहस्थांनी पिवळा दगड दिला."

ऊजूच्या आईच्या नावावर एक तारा! आपली अब्रू गेली ती गेली, पण तिची? साहेब रात्रभर तळमळले आणि सकाळी निश्चयानं फोन घेऊन बसले. नोंदीत बदल करायची सोय फोनमध्येच होती. "तात्पुरतं बंद" असा एक पर्याय होता. साहेबांनी समाधानानं तो दाबला. पुढे एक चौकोन उघडला.

पुन्हा उघडण्याची तारीख?

साहेबांनी फोन टेबलावर उलटा ठेवला. इतक्या महिन्यांत जो प्रश्न त्यांनी बायकोला विचारला नव्हता, मुलीला विचारला नव्हता, पाद्र्यासमोर गुडघे टेकून देवालाही जरा आडूनच विचारला होता, तो हा फोन असा तोंडावर विचारत होता.

त्या संध्याकाळी कॅलगरीहून फोन आला तेव्हा त्यांनी आडवळणानं सुरुवात केली.

"काय म्हणतंय तिकडचं हवामान?"

"बर्फ. दार उघडलं की बर्फ. नाक आहे की नाही ते हात लावून बघावं लागतं."

"कधी वितळतं साधारण?"

"काय माहीत. इथली माणसं म्हणतात वितळेल. बाळाला दात येतायत, रात्रभर किरकिर." मग तिनं विचारलं, "तुमचं कसं चाललंय? जेवता ना?"

इथे खरं बोलायला हरकत नव्हती. दार सताड उघडं होतं. पण साहेबांच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं. "माझं काय! एकदम मजेत. काही अडत नाही. तू आरामात ये."

"हो का," ऊजूची आई म्हणाली. आणि मग बाळ रडतंय म्हणून तिनं फोन ठेवला. साहेबांना काही बाळ रडलेलं ऐकू आलं नव्हतं.

तारखेशिवाय काही सोय होते का हे बघायला साहेब इस्त्रीचा शर्ट घालून व्यापारउदिमाच्या सरकारी कचेरीत गेले. सर्चची कचेरी इथे कुठे असणार, पण सरकारनं सांगितलं तर ते ऐकेल, असा त्यांचा हिशेब होता. कचेरीतल्या बाईंनी शेंगदाणे सोलत त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं.

"धंदा नोंदलेला आहे?"

"नाही. घरगुती होता."

"नोंदलाच नाही तर बंद कसा करणार? आधी नोंदवा. मग बंद करायचा अर्ज द्या."

"म्हणजे बंद करण्यासाठी सुरू करायचा?"

"नियम मी नाही केले, साहेब. मालकाची सही लागेल."

"मालकीण कॅनडात आहे."

"मग येऊ दे. कधी येणार?"

साहेब जिना उतरले. सगळ्या जगाला एकच प्रश्न पडला होता.

"तू फार विचार करतोस," सिप्रियननं घरी आल्यावर फोन हातात घेऊन सांगितलं. "हे बघ खाली. 'कायमचं बंद.' हे तारीख विचारत नाही. दाब आणि मोकळा हो. ती आली की परत उघडू."

"कायमचं?"

"अरे शब्द आहे नुसता. फॉर्ममध्ये काय, काहीही लिहितात."

साहेबांनी बोट पुढे केलं, मागे घेतलं, शर्टाला पुसलं. फोननं विचारलं, नक्की ना? बायकोच्या बाबतीत इतक्या काळजीनं त्यांना अलीकडे कुणी काही विचारलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटून दाबलं.

एक-दोन दिवसांत तिच्या हसऱ्या फोटोखाली लाल अक्षरं उमटली, आणि गेटवर कुणी येईना. सकाळी सहा वाजले, साडेसहा वाजले. "गरम आहे का?" नाही की "आत बघा जरा" नाही. साहेब दोनदा गेट उघडून रस्त्यावर डोकावले. इतके दिवस ती माणसं चुकून का होईना तिला शोधत येत होती. आता तिला शोधणारं साहेबांखेरीज कुणीच उरलं नव्हतं, हे त्यांना त्या रिकाम्या रस्त्यावर उभं राहून कळलं.

पण एनुगूतल्या माणसांना वाचता येतं, आणि वाचलेल्याचा अर्थही लावता येतो. ऊजूच्या आईनं गुड फ्रायडेलासुद्धा चूल विझवली नव्हती. नवऱ्याच्या अबोल्याला भीक घातली नव्हती. असली बाई कॅनडात जाते, आणि मग तिचं दुकान कायमचं बंद होतं. याचा अर्थ सांगायला कुणी शहाणा लागत नाही.

आणि आपल्याकडे वाईट बातमी कुणाच्या अंगावर एकदम फेकत नाहीत. आधी माणसं जमतात. बसतात. पुरेशी जमली की कुणीतरी मोठं माणूस खाकरतं. ज्याचं माणूस गेलं त्याला सगळ्यांत शेवटी कळतं, आणि तोवर सगळे त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारतात.

म्हणून शनिवारी दुपारी चर्चच्या महिला मंडळाच्या फिलोमिनाबाई, एकाच छापाचं कापड नेसलेल्या आठ-दहा जणींना घेऊन साहेबांच्या दिवाणखान्यात येऊन बसल्या, तेव्हा साहेबांना आनंदच झाला. कुणी तरी आलं घरात!

"काय म्हणता, साहेब? नळाला पाणी येतं का?"

"येतं कधीमधी."

"धूळ फार आहे यंदा."

"फार."

मग गल्लीतली जुनी गिऱ्हाइकं आली. ज्यांनी कधी साहेबांना नमस्कार केला नव्हता त्यांनी दोन्ही हातांत हात घेतला. कुणी माल्टच्या गोड पेयाच्या बाटल्यांचं खोकं आणून कोपऱ्यात ठेवलं. खुर्च्या संपल्या, शेजारून आणल्या.

"ऊजूची आई असती तर तिनं सगळ्यांना खायला घातलं असतं," साहेब खुशीत म्हणाले. "पण ती कॅनडात आहे."

"हो हो! कॅनडातच आहे!" फिलोमिनाबाई घाईघाईनं म्हणाल्या, आणि त्यांच्या शेजारची बाई पदरात तोंड लपवून बाहेर गेली.

साहेबांनी तिच्यामागे दाराकडे पाहिलं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. सगळे पाण्याविषयी बोलत होते. आयुष्यभर साहेब स्वतः अशा कितीतरी खोल्यांत जाऊन बसले होते, आणि त्यांनीही अशीच पाण्याची चौकशी केली होती.

ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि कॅलगरीला फोन लावला. वाजत राहिला. ऊजूला लावला. वाजत राहिला. तिकडे पहाट असेल, बाळ उठू नये म्हणून आवाज बंद करून ठेवत असतील, हे त्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असलेल्या गोष्टी अशा वेळी कामाला येत नाहीत. त्यांनी सर्चमध्ये टाइप केलं, "घरात खूप माणसं जमली आहेत आणि कुणी काही सांगत नाही." सर्चनं घरगुती समारंभ यशस्वी करण्याच्या युक्त्या दिल्या. मग त्यांनी तिचं नाव टाकलं. तिचा हसरा चेहरा आला, आणि खाली लाल अक्षरं. कायमचं बंद. ही अक्षरं आपणच उमटवली हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी त्यांनी घाईघाईनं पुन्हा कॅलगरीला फोन लावला.

सिप्रियन मागच्या दारानं आत आला. बाहेरची गर्दी बघून तोही पांढराफटक पडला होता.

"सिप्रियन, तुला माझी शपथ. मला कुणी काही सांगायचं राहिलंय का?"

सिप्रियनला काहीच माहीत नव्हतं. पण इतकी माणसं उगाच जमणार नाहीत, तेव्हा यांना सगळ्यांना काहीतरी नक्की कळलेलं आहे, असा त्यानंही अर्थ लावला होता. त्यानं मान खाली घातली. "धीर धर, पॉली," तो म्हणाला.

नेमक्या त्याच वेळी बाहेर मिनीबस थांबली. न्सुक्काकडून ऊजूच्या आईचं माहेर आलं होतं. पुढे थोरला भाऊ न्वाफोर, डोक्यावर लाल टोपी, हातात काठी. मागे उमुआडा, म्हणजे त्या कुळात जन्मलेल्या सगळ्या लेकी, बहिणी आणि आत्या. या बायका एकदा दारात उभ्या राहिल्या की भल्याभल्या जावयांची बोबडी वळते. कुळातली लेक गेली, तर नवऱ्यानं स्वतः माहेरी जाऊन, मानाचं कोला फळ पुढे ठेवून, मान खाली घालून सांगायचं असतं. इथे सांगणं तर सोडाच, कुणाच्या तरी फोनवर वाचून कळलं होतं.

न्वाफोर खोलीच्या मध्यावर उभा राहिला आणि खाकरला. पाण्याच्या गप्पा थांबल्या.

"जावईबापू," तो म्हणाला, "आमची मुलगी आम्ही तुमच्या हवाली केली होती. ती कुठाय?"

"मला काय विचारता!" साहेब ओरडले. "मला तरी कुणी काही सांगितलंय का? सगळे नळाचं पाणी विचारतायत! अरे, सांगा ना कुणीतरी! मी तिला 'आरामात ये' म्हणालो हो. कशाला म्हणालो मी तसं?"

आणि सर्व्हे खात्याचे माजी वरिष्ठ अधिकारी पॉलिकार्पसाहेब एनेबे, ज्यांना कुणी कधी हसताना पाहिलं नव्हतं, ते भर दिवाणखान्यात, सासुरवाडीसमोर, हमसून हमसून रडायला लागले. मग काय! उमुआडांनी हंबरडा फोडला, महिला मंडळानं सूर धरला, न्वाफोरनं टोपी काढली. गेटबाहेर जाणारे येणारेही थांबून डोळे पुसू लागले.

त्या गदारोळात साहेबांच्या खिशात फोन वाजत होता. तो आधी सिप्रियनला ऐकू आला. त्यानंच तो काढून घेतला आणि दाबला.

पडद्यावर लोकरीची टोपी घातलेली ऊजूची आई होती. खांद्यावर बाळ, डोळ्यांत झोप.

"काय हो, पहाटेपासून किती फोन? मी आत्ता बघते." मग तिनं डोळे बारीक केले. "हे काय, घरात कोण रडतंय? ती आमची आत्या ना? न्वाफोर दादा पण? अगं बाई, कोण गेलं?"

रडणं जागच्या जागी थांबलं.

"तू," न्वाफोर म्हणाला.

"मी?"

"तसं लिहून आलंय." न्वाफोरनं सोबत आलेल्या भाच्याचा फोन मागून घेतला आणि पडद्यासमोर धरला. ऊजूच्या आईनं स्वतःचा हसरा फोटो पाहिला, खालची लाल अक्षरं वाचली.

"हे कुणी केलं?"

सिप्रियन छताकडे बघू लागला. साहेब बायकोकडे बघत होते. इतक्या लोकांत, इतका वेळ, त्यांनी तिच्याकडे लग्नातसुद्धा असं पाहिलं नव्हतं. ती जराशी वाळली होती. टोपी तिला मुळीच शोभत नव्हती.

"मी," ते नाक पुसत म्हणाले. "तो फोन तारीख विचारत होता. पुन्हा कधी उघडणार म्हणून. मला माहीत नव्हती."

"मग मला विचारायचं!"

"ते विचारत नसतात."

"माणसानं विचारायचं नाही, आणि बायकोला मारून टाकलेलं चालतं होय!" फिलोमिनाबाईंच्या तोंडून हसू फुटलं आणि त्यांनी ते खोकल्यात दडवलं. ऊजूची आई मात्र हसत नव्हती. "मी इथे कुणासाठी थांबलेय? बाळ आता बसायला लागलं. पोरगी म्हणते, बाबांना काही अडचण नाही, राहा. जावई म्हणतो, राहा. मी स्वतःहून बॅग उचलून निघाले तर त्याला वाटेल, सासूला आमच्या घरी काही कमी पडलं. आणि तुम्हाला विचारावं तर तुम्ही मजेत! रोज मी फोन करते, रोज वाट बघते, हे 'ये आता' म्हणतील, आज म्हणतील. आणि तुम्ही मला बर्फ कधी वितळणार ते विचारता!"

 उमुआडांमधली सगळ्यांत म्हातारी आत्या काठी टेकत पुढे आली आणि तिनं साहेबांच्या पाठीत कोपर मारलं. "बोल की रे आता."

साहेबांनी फोन दोन्ही हातांत धरला. खाकरले. "एकंदर परिस्थितीचा विचार करता," त्यांनी सुरुवात केली, "आणि घराची सध्याची अवस्था लक्षात घेऊन, मला असं वाटतं, की..." खात्यातली भाषा एवढ्यावर संपली. समोर ती होती. मागे तिचं सगळं माहेर, महिला मंडळ, आणि दारापर्यंत भरलेली गल्ली होती. उद्या हे सगळ्या एनुगूत सांगणार होते.

"घरी ये," साहेब म्हणाले. "मला करमत नाही."

ऊजूच्या आईनं बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. चित्र स्वच्छ दिसत होतं, तिच्या डोळ्यांच्या कडासुद्धा.

"आवाज तुटतोय इकडे," ती म्हणाली. "नीट ऐकू आलं नाही. परत बोला."

साहेबांनी परत सांगितलं. तिला पुन्हा ऐकू आलं नाही. तेव्हा त्यांनी उभं राहून, सगळ्यांच्या देखत, गेटबाहेरच्या रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं तिसऱ्यांदा सांगितलं.